सुतळीची बाटली

मुलुंडच्या सरकारी दवाखान्याची औषधाची खिडकी दुपारी एक वाजता बंद व्हायची. फळी ओढण्याआधी मार्तंड परब कंपाउंडर बाहेरच्या दगडी कट्ट्यावरून एकदा हात फिरवायचा. बायका तिथं काहीबाही विसरून जात. कधी तंबाखूची चंची, कधी बूच. एकदा तर एक म्हातारी बाई सुनेच्या नावानं बोटं मोडण्याच्या नादात स्वतःची चष्म्याची काडी ठेवून गेली होती.

त्या वैशाखात एका दुपारी त्याच्या हाताला बाटली लागली. रिकामी होती, धुतलेली, अजून ओली. गळ्याभोवती सुतळीचे तीन वेढे होते.

"काशीराम, ही कुणाची रे?"

काशीराम ड्रेसर आत पट्ट्या गुंडाळत बसला होता. त्यानं मानही वर केली नाही. "असेल कुणाची तरी. उद्या येईल बोंबलत. ठेव आत."

मार्तंडनं ती आत ठेवली नाही. बाटली कुणाची हे त्याला पाहताक्षणी कळलं होतं. त्यानं ती जेवणाच्या पिशवीत घातली आणि भर उन्हात घरी गेला.

घरी स्वयंपाकाच्या फळीवर धूळ बसली होती. बायको सुगंधा गेल्यापासून ती कुणी पुसली नव्हती. धुळीत बाटलीच्या बुडाएवढा एक स्वच्छ गोल होता. त्या जागी रॉकेलची बाटली असायची. त्यानं हातातली बाटली गोलावर ठेवली. बरोबर बसली.

ती सुतळी सुगंधानं बांधली होती. सुगंधाला अक्षरओळख नव्हती. खोबरेल आणि रॉकेल एकाच जातीच्या बाटल्यांत असायचं, म्हणून रॉकेलच्या गळ्याला सुतळी. मार्तंड तिला हसायचा. म्हणायचा, "मी एवढा कंपाउंडर घरात असताना सुतळी कशाला? चिठ्ठी चिकटवून देतो की."

"चिठ्ठी डोळ्यांक," ती म्हणायची. "ही हाताक. काळोखात डोळे काय करतले?"

आता बाटली तिथून दवाखान्यात गेली कशी? आपणच पिशवीत टाकून नेली असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. तसं होतही असे. सुगंधा गेल्यापासून तो दोनदा दोन वेगवेगळ्या वहाणा घालून कामावर गेला होता, आणि एकदा डब्याबरोबर उलथनं घेऊन गेला होता. माणूस भ्रमिष्ट झाला की असंच होतं.

दुसऱ्या दिवशी एक वाजता बाटली पुन्हा कट्ट्यावर होती. तशीच ओली.

सुगंधा आदल्या श्रावणात गेली. साधा ताप होता, उतरेना म्हणून त्यानं तिला शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं होतं. पेनिसिलिन तिला सोसत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एकदा टोचलं तेव्हा तोंड सुजून ती मरता मरता वाचली होती. म्हणून इस्पितळात मार्तंडनं स्वतः उभं राहून तिच्या कागदावर लाल शाईत तशी ओळ लिहून घेतली. पण त्याच वॉर्डात आणखी एक सुगंधा होती. छत गळायला लागलं म्हणून खाटा हलवल्या, आणि कुठली सुगंधा कुठं याचा घोळ झाला. सकाळी नर्स सुई भरून आली ती दुसऱ्या सुगंधाची.

नर्स वाईट नव्हती. नंतर जिन्यात गाठून ती त्याच्याजवळ रडली. "मी विचारलं हो त्यांना. मालकांचं नाव काय, दोनदा विचारलं. खाली बघून हसल्या. सगळ्याच हसतात. मी दिलं टोचून."

हसणारच. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे सुगंधा पाळण्यात ऐकून आली होती. सोळा वर्षांच्या संसारात तिनं मार्तंडचं नाव एकदाच घेतलं, लग्नात, उखाण्यात. तेही इतकं हळू, की मावशी ओरडली, "काय पण पुटपुटली! पुन्हा घे!" आणि नेमका तेव्हा वाजंत्रीवाल्यानं ढोल बडवला. मार्तंडनं ते ऐकलंच नाही. पुढे आई गेली, मावशी गेली. दवाखान्यात डॉक्टर त्याला परब म्हणत, काशीराम परबा म्हणे, लोक कंपाउंडर म्हणत. त्याला मार्तंड म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

इस्पितळाच्या कागदावर लिहिलं होतं, हृदयक्रिया बंद पडून मृत्यू. त्यानं सही केली आणि तिला घेऊन आला.

पाच दिवस बाटली रोज येत राहिली. रोज तो ती घरी नेऊन गोलावर ठेवी आणि रोज एक वाजता ती कट्ट्यावर असे. काशीरामला त्यानं काही सांगितलं नाही. सहाव्या दिवशी सकाळी त्यानं बाटली पत्र्याच्या ट्रंकेत घातली, कुलूप लावलं, किल्ली करगोट्याला बांधली आणि मग कामावर गेला.

त्या दिवशी गर्दी फार होती. बाजारचा दिवस, त्यात डॉक्टर सबनीस उशिरा आलेले. त्या काळी दवाखान्यात रिकामी बाटली मिळत नसे, आपली आपण आणायची. फाटकाशी बसणाऱ्या भंगारवाल्याकडे सगळ्या एकसारख्याच मिळत. बाई केसपेपर आणि बाटली खिडकीत देई आणि ओट्यावर बसून राही. मार्तंड बरणीतलं औषध ओतून, डोसांच्या खाचा कापलेली कागदी पट्टी बाटलीला चिकटवी, पट्टीवर नाव लिही आणि हाक मारी. जी उठून येई तिला बाटली. नाव ती सांगत नसे, तोही विचारत नसे. पुरुष कामावर जात, त्यामुळे न्यायला येणाऱ्या बहुतेक बायकाच. त्या खाली बघून हसत आणि पदराआडून हात पुढे करत. ज्या चालीनं आपलं घर बसलं ती आपणच दिवसाला शंभर वेळा चालवतो, हे मार्तंडच्या ध्यानात आलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्या दिवशी यादीत धोंडू गावडे दोन होते. एकाला खोकला, एकाची कंबर धरलेली. दोघे गावाकडच्या एकाच वाडीतले.

"यांच्या वाडीत नुसता दगड भिरकावलास ना परबा, तरी धोंडूलाच लागेल," काशीराम म्हणाला.

मार्तंड हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. हसत हसतच त्यानं हाक मारली, "गावडे! धोंडू गावडे!"

एक तरणी बाई उठली. हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण. "तुझंच ना गं?" त्यानं विचारलं. तिनं खाली बघितलं आणि गालातल्या गालात हसली. त्यानं बाटली दिली.

एक वाजला. ओटा रिकामा झाला. मार्तंडनं कट्ट्यावरून हात फिरवला, आणि हाताला सुतळी लागली.

त्यानं करगोटा चाचपला. किल्ली जागेवर होती.

उन्हाच्या झळा खिडकीतून आत येत होत्या. बाटली ओली होती, इतकी ओली, की पाणी मनगटावरून ओघळलं. कुठं ठेवावी हे न सुचून तो ती आतल्या फळीवर ठेवायला वळला. फळीवर एकच भरलेली बाटली उरली होती. त्यानं सुतळीची बाटली तिच्या शेजारी ठेवली, तेव्हा उरलेल्या बाटलीची पट्टी त्याच्या डोळ्यांसमोर आली.

धोंडू भिकू गावडे. खोकला.

मग मघाशी गेली ती कुणाची? धोंडू सखाराम गावड्याची; त्याची बाई उशिराला कंटाळून आधीच निघून गेली होती. मालीशचं औषध. अंगाला चोळायचं, पोटात गेलं तर धडधाकट माणूसही तासाभरात थंड पडेल असं. आणि हिरव्या लुगड्याची ती बाई, आता त्याला आठवलं, आठवडाभर खोकल्याच्याच औषधाला येत होती. तिला वाचता येत नव्हतं. दोन्ही औषधांचा रंग तपकिरी. ती जाऊन अर्धा तास झाला होता.

"काशीराम, वाट लागली!" एवढंच तो बोलला. खोकल्याची बाटली उचलली, केसपेपरवरचा पत्ता पाहिला आणि निघाला. पत्ता होता, मिठागर, पहारेकऱ्याची चौकी.

मुलुंडच्या पूर्वेला तेव्हा मिठागरंच मिठागरं होती. चौकोनी वाफे, त्यांच्यामधून मातीचे बांध, आणि वैशाखातल्या दुपारी त्या सगळ्यावर अशी पांढरी चकाकी, की डोळे उघडता येत नसत. मार्तंड तिकडे पूर्वी कधी गेला नव्हता. बांधावर चढल्यावर त्याच्या लक्षात आलं, की इथं वाट अशी नाहीच. एका बांधाचे दोन होतात, दोनाचे चार. चुकला तर तासभर फिरत बसेल. विचारायला चिटपाखरू नव्हतं. कामगार सकाळीच काम उरकून सावलीला गेले होते.

पुढे एक बाई चालली होती.

बरीच पुढे होती. डोक्यावरून पदर, डाव्या अंगानं जरा झुकलेली चाल. तिच्या हातात काहीतरी चमकत होतं, काचेसारखं. हीच ती, अजून घरी पोचली नाही, असं वाटून मार्तंडचा जीव भांड्यात पडला.

"ओ बाई! थांबा! गावडेबाई!"

बाई थांबली नाही. त्यानं पाय उचलले, धावलाही. पायाखाली मीठ करकर वाजत होतं. पण अंतर काही कमी होईना. बांध फुटला की ती न थबकता एका बाजूला वळे आणि तो तिच्या मागून वळे. एकदा डावीकडे, दोनदा उजवीकडे. हिरवं लुगडं उन्हात असं विटकं का दिसतंय, असं त्याच्या मनात आलं. मग मनात आलं, ते हिरवं नाहीच. आणि ती डावीकडे झुकलेली चाल. वीस पावलांवरच्या नळावरून सोळा वर्षं डाव्या कमरेवर हंडा आणणारी बाई अशी चालते. त्यापुढे त्यानं विचार केला नाही. नुसता चालत राहिला.

चौकी दिसली तसा बांध संपला. बाई नव्हती. चारी बाजूंना सपाट मीठ, आड जायला झुडूपही नाही.

चौकीमागे कुडाचं खोपटं होतं. मार्तंड दारातच ओरडला, "पाजलंस काय गो त्याका?"

हिरव्या लुगड्याची बाई चुलीपाशी बसली होती. दचकून उठली. तिचं नाव शेवंती. नवरा बाजेवर उशीला टेकून बसला होता, छातीवर हात दाबून. दोघांच्या मध्ये जमिनीवर काचेची वाटी होती, तपकिरी औषधानं भरलेली, वर ताटली झाकलेली.

"नाय ओ," शेवंती म्हणाली. "ओतून ठेवलंय."

मार्तंड उंबऱ्यावरच बसला. वाटी आणि बाटली त्यानं मागून घेतली, बाहेर जाऊन खड्ड्यात उपडी केली, वर माती लोटली. मग खोकल्याची बाटली तिच्या हातात दिली आणि जे झालं ते दोघांना सांगून टाकलं. काही लपवलं नाही.

धोंडू हसायला गेला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. "म्हणजे आज सुटलंच असतंय की मी," तो म्हणाला. "शेवंते, तुझो मिठागराचो त्रास पण सुटलो असतो."

"गप ऱ्हवा! तोंडाक काय हाड आसा?" शेवंती ओरडली आणि रडायला लागली.

ती सावरल्यावर मार्तंडनं विचारलं, "ओतलेलं पाजलं का नाहीस?"

"त्या बाईन नको म्हटल्यान."

"कुठली बाई?"

"आता इली होती ती. दारात उभी रवली. माका वाटला, दवाखान्यातलीच कोण असतली, हातात बाटली होती. गळ्याक सुतळी. ती म्हणाली, मार्तंड येताहा, तवसर पाजू नको." शेवंतीनं डोळे पुसले. "मार्तंड म्हणजे तुम्हीच ना ओ? एकेरी नाव घेतल्यान, म्हणान माका वाटला तुमची आवस असतली. नायतर मोठी बहीण."

मार्तंडनं विचारलं, "कसं म्हणाली? पुन्हा सांग."

"मार्तंड येताहा," शेवंती म्हणाली.

"हळू म्हणाली?"

"नाय ओ. खणखणीत."

तो दवाखान्यात परतला तेव्हा फळीवर सुतळीची बाटली नव्हती. काशीराम शपथ घेऊन म्हणाला, की इथं बाटली नव्हतीच. डॉक्टर सबनीस जायच्या तयारीत होते. मार्तंडनं त्यांना सगळं सांगितलं. बाईचं तेवढं सांगितलं नाही.

डॉक्टरांनी दार लोटून घेतलं. "मेला नाही ना तो?"

"नाही."

"मग झालं. कुठं बोलू नकोस. मीही काही ऐकलं नाही. नोकरी जाईल तुझी, परब."

"साहेब," मार्तंड म्हणाला, "तो नाही मेला. माझी मेली."

डॉक्टर खुर्चीत बसले. सुगंधा कशानं गेली हे त्यांना तोवर माहीत नव्हतं. मार्तंडनं ते आज पहिल्यांदा कुणाला सांगितलं. ऐकून झाल्यावर डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काय करायचं म्हणतोस?"

"नेणाऱ्यानं तोंडानं पूर्ण नाव सांगायचं. त्याशिवाय बाटली द्यायची नाही. मी हाक मारायची नाही. आणि अंगाला लावायच्या औषधाच्या बाटलीला सुतळी बांधायची, तीन वेढे. वाचता येवो न येवो, हाताला कळेल."

"सुतळीचं ठीक आहे. पण बायका नाव सांगणार? नवऱ्याचं? सासऱ्याचं? अरे, दगड मारतील तुला."

"लग्नात घेतात की, साहेब."

दुसऱ्या दिवशी दगड मारले नाहीत एवढंच. वनमालाबाई म्हणून एक ठसकेबाज म्हातारी होती, तिनं खिडकीच्या गजांतून हात घालून त्याला बोट दाखवलं. "मेल्या, सासरा जाऊन वीस वर्षं झाली, अजून त्याचं नाव मी जिभेवर घेतलं नाही. तुला सांगू होय? तू कोण टिक्कोजीराव?"

"मग औषध नाही, आजी."

"नको जा! मरू दे म्हाताऱ्याला!" असं म्हणून ती ओट्यावर बसली, पण घरी गेली नाही. बाकीच्याही बसल्या. बारा वाजेपर्यंत एकही बाटली हलली नाही. आतून काशीराम कुजबुजत होता, "दे रे परबा, पाया पडतो, साहेब ओरडतील." मार्तंड हलला नाही.

शेवटी शेवंती उठली. धोंडूची एका दिवसाची बाटली संपत आली होती. खिडकीशी येऊन तिनं पदर दातात धरला, मग सोडला आणि मोठ्यानं म्हणाली,

"भांडुपच्या डोंगरावर चरतात शेळ्या,
भिकूमामंजींच्या धोंडूरावांना औषध तीन वेळा!"

ओटा खो खो हसला. वनमालाबाईसुद्धा हसली, मग हसलो म्हणून चिडली. "हे काय नाव घेणं झालं? आमच्या वेळी कसं घ्यायचे, सांगते मी," असं म्हणत तीच पुढे आली. सासऱ्याचं नाव मात्र तिनं त्याच्या कानाशी वाकून सांगितलं, आणि पाठोपाठ "देवा, माफ कर" म्हणाली.

त्यानंतर ती चालच पडली. ज्यांना उखाणा सुचे त्या उखाणा घेत, बाकीच्या नुसतं नाव सांगत. डॉक्टरांनी एक वही घातली. चूक झाली की तिच्यात लिहायची, कुणी केली ते नाही, कशी झाली ते. पहिली नोंद मार्तंडनं लिहिली. डॉक्टरांनी आधी कपाळाला हात लावला आणि मग खाली सही केली. पावसाळ्यानंतर आरोग्य खात्याचे एक अधिकारी तपासणीला आले. वही पाहून त्यांच्या भुवया चढल्या. "तुमच्या आधीच्या कागदांत तर पाच वर्षांत एकही चूक नाही. आणि आता चार महिन्यांत अकरा?"

डॉक्टर काही बोलायच्या आत मार्तंड म्हणाला, "तेव्हा लिहीत नव्हतो, साहेब."

अधिकाऱ्यांनी मालीशची बाटली उचलून सुतळीवरून अंगठा फिरवला. डोळे मिटून पुन्हा फिरवला. बाटली जागेवर ठेवून गेले. दिवाळी झाल्यावर उपनगरातल्या दवाखान्यांना एक परिपत्रक आलं. औषध नेणाऱ्याच्या तोंडून रुग्णाचं पूर्ण नाव वदवून घ्यावं, आणि बाह्य उपयोगाच्या बाटलीच्या गळ्यास खरखरीत दोरा बांधावा. खाली कुणाची तरी वळणदार सही. मार्तंडनं ते दोनदा वाचलं आणि खिळ्याला टांगलं.

सुतळीची बाटली पुन्हा आली नाही. ट्रंक उघडून पाहिली तेव्हा रिकामी होती. घरच्या फळीवर धूळ वाढत गेली आणि तो गोलही बुजला. मार्तंडनं फळी पुसली नाही. एक वाजला की तो कट्ट्यावरून हात फिरवायचा. एकदा, मग आणखी एकदा. तिनं नाव घेतलं होतं हे खरं. खणखणीत घेतलं होतं. पण ऐकलं शेवंतीनं. त्यानं या खेपेलाही ऐकलं नव्हतं.

पुढच्या वैशाखात एका दुपारी ओटा रिकामा झाला. मार्तंडनं हात फिरवला आणि तो ओला झाला. कट्ट्यावर पाण्याचा गोल डाग होता, बाटलीच्या बुडाएवढा. ऊन असं, की दगडाला हात लावला तर पोळेल. तरी डाग वाळत नव्हता.

तो गजांशी वाकला. बाहेर कुणी नव्हतं. लिंबाची सावली हलत नव्हती.

"मालकांचं नाव?" त्यानं विचारलं.

मग थांबला.

आतून काशीराम म्हणाला, "एक वाजून गेला की रे, परबा. ओढ फळी."

"थांब," मार्तंड म्हणाला. "एक बाई राहिलीय."